मेक्सिकोच्या राखणदाराचा कोंबडा

हिराबाय, आधी एक सांग. कोंबडा इथून न्यायचा, की तिथलाच चालेल?

तुझं तेरावं परवा झालं. मांडव उतरला, भाड्याची पातेली परत गेली, तुझ्या दोन्ही मुली डोळे पुसत आपापल्या घरी गेल्या, आणि आपल्या सामाईक ओटीवर आता मी एकटी बसलेय. येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, सुमनबाय जावेसाठी किती रडते. रडतेय हे खरंच. पण मधेमधे मी कोंबड्याचा विचार करत असते, ते त्यांना कसं सांगू? इतरांच्या जावा जाताना पाटल्या ठेवून जातात, गेला बाजार लोणच्याची बरणी तरी. तू नवस ठेवून गेलीस. तोही आपल्या गावदेवीचा नाही, मेक्सिकोतल्या एका शेतातल्या दगडाला बोललेला. कशासाठी बोललीस, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. फेडायचा मात्र मी.

मी तुला ‘हिराबाय’ आणि ‘तू’ म्हणते याचं पाहुण्यांना अजून नवल वाटतं. थोरली जाऊ तू, धाकटी मी. भिवंडीतल्या नारपोलीच्या यंत्रमागांच्या खडखडाटातून लग्न होऊन वडप्याला आले तेव्हा मी तुला अदबीनं ‘अहो जाऊबाई’ म्हणत होते. मग चिंचेचं झाड कुणाच्या वाट्याचं यावरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं, आणि भांडताना ‘अहो’ म्हणत बसलं तर श्वास पुरत नाही. ‘तू’ निघालं ते निघालंच. तुला राग यायच्या ऐवजी हसू आलं. म्हणालीस, “आता कशी घरची झालीस. शेरातली हाय म्हनून इतके दिस मी तुला पावनीच समजत होते.” चिंचा मात्र दिल्या नाहीस.

त्यानंतर आपण कशाकशावरून भांडलो ते आठवायला बसले तर दिवस पुरायचा नाही. सुकटीत कांदा आधी की मिरची आधी. टीव्हीचा आवाज. गोदामवाल्यानं दिवाळीला पाठवलेली मिठाई कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवायची. आणि सगळ्यात जुनं, कधीच न मिटलेलं भांडण म्हणजे आधी कोण जाणार. सासूबाई गेल्या तेव्हापासून ते चालू होतं. तुझं म्हणणं, “थोरली मी. रांगेनं जायचा. मधी घुसायचा न्हाय.” माझं म्हणणं, मला शुगर आहे, प्रेशर आहे, गुडघे कामातून गेलेत, तेव्हा पहिला हक्क माझा. रक्ताचा रिपोर्ट आला की मी तो तुला दहावीच्या निकालासारखा वाचून दाखवायची. तू ढुंकून बघायची नाहीस. “कागदानं कोन मरत न्हाय,” म्हणायचीस. शेजारणी म्हणायच्या, अगं जरा शुभ बोला. पण आपल्याला त्यात अशुभ काही वाटतच नव्हतं. मागं राहणारीला ओटीवर एकटीनं बसावं लागणार, एवढाच मुद्दा होता, आणि ते दोघींनाही नको होतं.

तर मेक्सिको. निलेश माझ्या पोटचा, पण वाढला तुझ्या चुलीपाशी. तुला ‘मोठी’ म्हणायचा आणि मला नुसतं ‘आई’, त्यातच काय ते आलं. कंपनीनं त्याला तिकडं मेरिदा नावाच्या शहरात पाठवलं. त्यानं आई-बाबांना बोलावलं, तर विमान म्हटल्यावर तुझ्या दिरानं अंथरूण धरलं. “माझी म्हैस कोन बघंल?” म्हणाला. म्हैस विकून जमाना झाला होता. निलेश म्हणाला, मग मोठीला आण. मला वाटलं तू नाही म्हणशील. तू फक्त एवढंच विचारलंस, “तिथं भात भेटतो ना?”

तुझ्या बॅगेत काय होतं ते मला मेक्सिकोच्या विमानतळावर कळलं. कुत्र्याला माझ्या आधी कळलं. तो सरळ तुझ्या बॅगेपुढं येऊन बसला आणि उठेना. वर्दीवाल्या माणसानं बॅग उघडली, तर तुझ्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेले बोंबील, सोडे, सुकट. आख्खा भिवंडीचा मासळीबाजार त्या गुळगुळीत फरशीवर मांडला गेला. तो स्पॅनिशमध्ये बोलत होता आणि तू त्याला हिंदीत समजावत होतीस. “भाऊ, ये घर का है, दुकान का नहीं! धूप में सुखाया है, देखो तो!” त्यानं हातमोजे घालून सगळं मोठ्या डब्यात टाकलं. तेव्हा तू मराठीवर आलीस. “फेकू नको रे मेल्या. कुत्र्याला तरी दे. त्याला चव कलली हाय.” पुढं सगळा प्रवासभर तू त्या सुकटीचं सुतक पाळलंस.

निलेशनं आपल्याला त्या जुन्या मायन देवळांच्या शेजारच्या गावात राहायला नेलं. हॉटेल नव्हतंच ते. एल्वीरा नावाच्या बाईच्या शेतात झावळ्यांनी शाकारलेल्या दोन झोपड्या, आत खाटेऐवजी टांगलेल्या झोळ्या. तू दारातच थांबलीस. “या वयात मना झोलीत घालता? आता अंगाई पन गा.” मग तू एका बाजूनं झोळीत शिरलीस आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलीस. झोळी मात्र रिकामीच हलत राहिली. एल्वीरा धावत आली. बुटकी, रुंद, घट्ट अंबाडा, पांढऱ्या झग्यावर रंगीत फुलं भरलेली. तिनं तुला उचललं, तू तिच्याकडं बघितलंस, आणि दोघी इतक्या हसलात की मी आणि निलेशची बायको, आपली सूनबाई, नुसत्या बघत उभ्या. हसल्यावर दात झाकायची सवयही सारखीच. त्यानंतर तू तिच्याशी वडप्याच्या भाषेत बोलायचीस आणि ती तुझ्याशी तिच्या. दुभाषाची गरज फक्त आम्हांला पडायची.

भाकरीवरून तुमची जी जुंपली ती मी कशी विसरेन? ती मक्याची पातळ पोळी हातावर थापते हे तुला पटलं, पण मका आदल्या दिवशी चुन्यात भिजवते हे बघून तू किंचाळलीस. “गो बाय, चुना टाकते ही! पानाचा चुना! घसा कापंल सगल्यांचा!” मग तू कनवटीची तंबाखूची डबी काढलीस आणि चुन्याचं झाकण उघडून तिच्या नाकापुढं धरलंस. तिनं बोटावर घेतला, चाखला आणि मान डोलावली, की हो, हाच. तू तिच्याकडं, मग डबीकडं, मग मक्याच्या पातेल्याकडं बघत राहिलीस. आणि जन्मभर मला भाकरीत मीठ जास्त म्हणून टोकणारी तू, चुन्याच्या मक्याच्या पोळ्या मोजायची सोडून खात सुटलीस.

देवळं बघायला गेलो तर आधी तिकीट. मग दोरी, मग पहारेकरी, मग इथं शिवू नका, तिथं चढू नका. तू म्हणालीस, “आपल्या देवाला पन गेटपास आनि ह्यांच्या पन.” हे निलेशला कळलं नाही, मला कळलं. आपल्या भातखाचरांची गोदामं झाली, पण शेताच्या राखणदाराचा दगड दोन गोदामांच्या मधल्या गल्लीत होता तिथंच आहे. दरवर्षी राखण द्यायला आपण कोंबडा, नारळ, शेंदूर घेऊन जातो आणि गेटवरचा उत्तर प्रदेशचा वॉचमन आपल्याला थांबवतो. एका वर्षी त्यानं कोंबड्याचीपण एंट्री केली. बाहेर जाताना विचारलं, “चाची, तीन अंदर गए थे, दो ही बाहर?” तू म्हणालीस, “तीसरा देव के पास रुक गया.”

तो उंच दगडी ढीग बघून मी भारावले होते. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. एवढे दगड, चाकावाचून आणलेले, आणि आभाळाला भिडलेल्या पायऱ्या. तू पायरीच्या सावलीत पाय पसरून बसलीस आणि विचारलंस, “वरती काय हाय?” निलेश म्हणाला, आता काही नाही गं, रिकामी खोली आहे. “देव न्हाय?” नाही. “मंग बरा झाला चढू देत न्हाय.” गाइड सांगत होता, ही थोर मायन माणसं एवढी नगरं बांधून कुठं नाहीशी झाली हे मोठं गूढ आहे. निलेशनं मराठीत सांगितलं. तू आश्चर्यानं गाइडकडं बघितलंस. “नाईशी? सकाली तर मना भाकरी वाढली एका मायनीनं. याला सांग, एल्वीराकडं जेवायला ये.” निलेशनं हे भाषांतर केलं नाही. त्यानं केलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. उद्या आपल्याही गोदामांपुढं कुणीतरी दोरी लावून सांगेल, इथं पूर्वी माणसं राहत होती.

आता मिरचीचं. ती चूक माझी, पण चढवलंस तू. एल्वीरानं जेवताना छोटी, फुगीर, केशरी मिरची ठेवली आणि बोट हलवून सांगितलं, जपून. तू म्हणालीस, “नारपोलीवाल्यांना काय झेपायची.” बस्स. परक्या घरी माहेरचा अपमान! मी ती आख्खी तोंडात टाकली. पुढचं मला नीट आठवत नाही. निलेश सांगतो की मी आधी गाणं म्हटल्यासारखा आवाज काढला. नंतर पोट गेलं, उलट्या झाल्या, त्यात ऊन लागलेलं, त्यात शुगर. गावातला डॉक्टर आला, सुई लावली, पाणी चढवलं, म्हणाला, झोपू द्या. मी झोळीत पडून राहिले. मधेच डोळे उघडले की तू दिसायचीस, लाकडी स्टुलावर, लुगड्याचा बोळा तोंडात धरलेला. तुला एवढी गप्प मी कधी बघितली नव्हती, आणि मला आजारापेक्षा त्याची भीती वाटली. मी म्हटलंसुद्धा, “बघ, म्हटलं नव्हतं पहिला नंबर माझा?” एरवी तू फाडकन उत्तर दिलं असतंस. तू उठून बाहेर गेलीस.

बाहेर एल्वीरानं तुला सांगितलं, सूनबाईच्या तोंडून, की त्यांच्या प्रत्येक शेताला एक रखवालदार असतो. बुटका, डोळ्यांना न दिसणारा. त्याला विचारल्याशिवाय शेतात घर बांधू नये, परक्यानं झोपू नये, नाहीतर तो आजारी पाडतो. सूनबाई सांगते, तू कपाळावर हात मारलास. “राखनदार! गो, हितं पन राखनदार हाय आनि आपून त्याला न इचारता झोपलो! मिरचीला कशाला बोल लावता?” एल्वीरानं तुला शेताच्या टोकाला, झाडाखालच्या एका जुन्या दगडांच्या ढिगापाशी नेलं. तिथं तिकीट नव्हतं की दोरी नव्हती. तू गावातून नारळ मागवलास, फोडलास, शेंदूर बॅगेत होताच. तो त्या कुत्र्यानं सोडला होता. दगडाला लावलास, डोळे मिटलेस आणि बराच वेळ पुटपुटत बसलीस.

मी हिंडूफिरू लागले तसं तू मला हाताला धरून तिथं नेलंस. दगडापुढं उभं केलंस, माझी हनुवटी धरून तोंड त्याच्याकडं वळवलंस आणि म्हणालीस, “ही बघ, हीच ती. तोंड बघून ठेव. फेडायला हीच येईल. घरचा वाढवलेला कोंबडा घेऊन येईल.” मी म्हटलं, नवस बोललीस तू आणि फेडायला मी का? म्हणालीस, “मी न्हाय येनार परत इतक्या लांब.” मी समजले, विमानाचा धसका. हसलेसुद्धा मी.

घरी आल्यावर मी तुझ्या मागं लागले. काय मागितलंस? “नवस सांगायचा नसतो. सांगितला का बाटतो.” माझ्या तब्येतीसाठी होता का? “तू तर बरी होऊन भाकऱ्या खात होतीस. तो अजून फलला न्हाय.” मग निलेशला मुलगी झाली. मी पेढे घेऊन धावत आले, म्हटलं, फळला ना? तू पेढा तोंडात टाकलास. “पोरीचा नवस मी गावदेवीला बोलले होते, तो फेडला. तितल्या देवाला तितला काम.” म्हणजे काय, तर तुझ्या मते देवांच्याही हद्दी ठरलेल्या असतात, पोलीस ठाण्यासारख्या. मी आजारी त्याच्या हद्दीत पडले, तर अर्ज त्याच्याच ठाण्यात द्यायचा. पण मी बरी झाल्यावरही तो अर्ज निकाली निघाला नव्हता, आणि मला काही केल्या उलगडा होईना. मी तुला सुरणाची भाजी करून घातली, पाय चेपून दिले, शेवटी चिंचेच्या झाडावरचा हक्क सोडते म्हणाले. तू पाघळली नाहीस. म्हणालीस, “फलंल तवा तुला कलंलच.”

तू गेलीस ती दुपारी, ओटीवर, माझ्यासमोर वाल सोलताना. “ह्यो किडका हाय,” म्हणालीस, बाजूला टाकलास आणि भिंतीला टेकलीस. मी तेव्हा तुला सांगत होते की निलेशच्या मुलीचं बारसं इथं आल्यावर परत करू आणि जेवण मी ठरवणार. तू काही बोलली नाहीस. मी आणखी चढले. आचारी माझा, भाजी माझी, मांडवसुद्धा माझ्या दारात. तू गप्पच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सलग जिंकत होते, आणि हिराबाय, मी खूश झाले होते गं. मग तुझ्या हातातली शेंग खाली पडली.

दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला. कावळे आले, पण शिवेनात. यात तुझा दोष धरत नाही. गोदामांच्या कँटीनची बिर्याणी खाऊन आपले कावळे इतके माजलेत की साधा भात त्यांना दिसतच नाही. ते कंटेनरच्या टपावर रांगेनं बसून आमच्याकडं बघत होते. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. तुझी थोरली मुलगी म्हणाली, आई, धाकटीला मी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. धाकटी म्हणाली, आई, तुझी नथ ताईकडं आहे त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. यावर दोन कावळे उडून गेले. निलेश फोनवरून तिकडून हात जोडून काहीतरी बोलला, कुणीतरी तो फोन कावळ्यांच्या दिशेनं उंच धरला. तुझा दीर पुढं झाला, गहिवरून म्हणाला, “वयनी, मी तंबाखू सोडतो.” सगळे चकित होऊन त्याच्याकडं बघत होते, आणि त्याच वेळी मी पदराआड, फक्त तुला ऐकू जाईल असं म्हटलं, “मेक्सिकोचा नवस मी फेडीन गं बाई. आता तरी ये.”

कंटेनरवरून एक कावळा उतरला आणि सरळ पिंडावर बसला.

तुझ्या दिराला वाटतं तो तंबाखूमुळं आला. आता बिचाऱ्याला पुडी उघडता येत नाही, वैनी बघतेय म्हणतो, आणि दिवसभर बडीशेप चघळत माझ्यावर डाफरतो. मी त्याला खरं सांगितलेलं नाही. तुझ्याकडून एवढं तरी शिकलेच.

तर शब्द देऊन बसले. पण काय फेडायचं ते माहीत नसताना फेडायचं कसं? देवापुढं उभं राहून बोलायचं तरी काय, की बाबा, तू दिलंस ते पावलं, काय दिलंस ते मात्र ठाऊक नाही? रात्रंदिवस तेच डोक्यात. शेवटी मी निलेशला म्हटलं, एल्वीराकडं जा. तिला विचार, त्या दिवशी दगडापाशी मोठी काय काय बोलली. निलेश म्हणाला, आई, तिला मराठीचा एक शब्द कळत नाही. मी म्हटलं, तू जा.

काल तो गेला. तू गेल्याचं कळल्यावर एल्वीरा चुलीपुढून उठलीच नाही म्हणे कितीतरी वेळ. मग फोनच्या पडद्यावर आली. मला बघून तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले, मीही ठेवले. पुढं ती बोलत राहिली आणि निलेश मराठीत सांगत राहिला.

तिला सगळं आठवत होतं. शब्द नाही, हात आठवत होते. ती म्हणाली, दगडाशी बोलून झाल्यावर तुझी जाऊ माझ्याकडं वळली आणि तेच मला खुणांनी सांगू लागली, मीही साक्षीला असावं म्हणून असेल. तिनं झोपडीतल्या झोळीकडं हात केला, जिथं तू झोपली होतीस, आणि दोन बोटं दाखवली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि एक बोट. परत तेच. झोळी, दोन. मी, एक. दोनदा, तीनदा. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. एल्वीरा म्हणाली, “मला वाटलं बिचारीला भूक लागलीय आणि सांगतेय, आजारी बाईला नंतर वाढ, आधी मला वाढ. म्हणून मी तिला आत नेलं आणि पहिलं ताट तिला दिलं. ती जेवली नाही. मला वाटलं, जेवण आवडलं नाही.”

निलेश भाषांतर करता करता हसत होता. मोठीचं बघ, जेवणावरनं पण नंबर लावत होती, म्हणाला. मीही हसले. फोन ठेवला आणि मग ओटीवर बसून हसतच राहिले, इतकी की तुझा दीर बडीशेप टाकून बाहेर आला. मग हसणं थांबलं.

सटवे. लबाडे. रांगेनं जायचा म्हणालीस, ते मी ऐकत नाही म्हटल्यावर तू माझ्या पाठीमागं परदेशात जाऊन पहिल्या नंबरासाठी वशिला लावलास! आणि मला त्याच देवापुढं उभी करून माझं तोंड दाखवलंस. फेडायला हीच येईल. खरंच की. हा नवस फळल्यावर तू कशी येणार होतीस? आणि मी हसत होते, मला वाटत होतं तुला विमानाची भीती वाटते. ज्या माणसासाठी कुणीतरी एवढं मागितलं ते माणूस एवढं बावळट असावं?

पण त्या स्टुलावर बसलेली तू मला आता दिसतेस. तोंडात लुगड्याचा बोळा. तू घाबरली होतीस. मी आधी गेले तर तुला या ओटीवर एकटीनं बसावं लागेल म्हणून घाबरली होतीस. इथं बसून बघते तर कळतं, घाबरण्यासारखंच आहे ते. सकाळी चहा दोन कपांचा टाकला जातो. टीव्हीचा आवाज मोठा होतो आणि कुणी ओरडत नाही. चिंचेला या साली बहर आलाय, आख्खं झाड आता माझं, आणि मला एक चिंच तोडावीशी वाटत नाही. हे तुझ्या वाट्याला आलं असतं तर तुला झेपलं नसतं, एवढं मी कबूल करते. तुझ्या मानानं मी दांडगी आहे. म्हणून एकाच गोष्टीत मी तुझ्यावर रागावणार नाही. बाकी सगळ्यांत रागावलेय.

कोंबड्याचं ठरलं. एल्वीरानं तिच्या खुराड्यातला एक तांबडा, तुऱ्याचा वेगळा काढलाय. रोज मका घालते आणि निलेशला फोटो पाठवते. घरचा वाढवलेला पाहिजे म्हणालीस ना, तिचं घर ते तुझंच घर, त्यात मी वाद घालणार नाही. इथून कोंबडा न्यायचा म्हटलं तर तो कुत्रा आहेच. दिवाळीनंतर मी निघते. तुझा दीर येत नाही, त्याची म्हैस आहे.

तिथं गेले की मी तुझ्या दगडापुढं उभी राहीन. तोंड त्यानं बघून ठेवलंय, ओळख द्यायला लागायची नाही. नारळ फोडीन, कोंबडा देईन, तुझं सगळं चुकतं करीन. मग हाताचा शेंदूर पुसायच्या आधी माझाही एक नवस बोलून घेईन. म्हणेन, राखणदारा, पुढच्या जन्मी आम्हांला परत एकाच घरात दे. पण मला थोरली कर आणि हिला धाकटी. आणि फेडायला मी येणार नाही हो, ती येईल.

तिचं तोंड तू आधीच बघितलंयस.